पंख्याची चूल घ्यावी का? पाटण तालुक्यातल्या एका आशाताईचा अनुभव

पंख्याची चूल घ्यावी का, असं वाड्यावस्त्यांवरच्या बायका मला हमखास विचारतात. मी पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. गरोदर बाईची नोंद, बाळंतिणीच्या भेटी, लेकरांचा खोकला-ताप बघणं हे रोजचं काम. त्यामुळं चूल मला दोन्हीकडून माहीत आहे. घरी तिच्यापुढं बसते, आणि दुसऱ्यांच्या घरी तिच्या धुरानं काय होतं ते बघते. आमच्या घरी ही चूल येऊन आता वर्ष उलटलं. पावसाळा, थंडी, उन्हाळा तिच्यावर निघालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या धाटणीच्या चुली बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतात, आतली रचना थोड्याफार फरकानं सारखीच असते. पत्र्याचा उभा गोल डबा, गुडघ्याच्या खाली येईल एवढा. आत उष्णता धरून ठेवणारं अस्तर, बुडाशी लहानसा पंखा आणि चार्जिंगची बॅटरी. बाहेर एक बटण असतं, ते फिरवून पंखा कमीजास्त करता येतो. आम्ही कराडहून आणली, साडेतीन हजारांच्या आसपास पडली.

ज्यांना एवढंच वाचायचंय त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकते. अंगणात किंवा उघड्या पडवीत आंघोळीचं पाणी तापवायला घेत असाल तर जरूर घ्या. स्वयंपाकघरात गॅसच्या जागी ठेवायला घेत असाल, त्यातही घरात तान्हं लेकरू किंवा पोटुशी बाई असेल, तर घेऊ नका. ते पैसे सिलिंडरला ठेवा.

आता चांगलं काय ते बघू. साध्या चुलीत लाकूड तापलं की त्यातून जळाऊ वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी आच मिळाली नाही, की ते अर्धवट जळून वर जातात. तोच आपला धूर. म्हणजे डोळे चोळत आपण जे सोसतो, ते खरं तर वाया गेलेलं जळण असतं. या चुलीत पंखा थोडी हवा बुडातून देतो आणि थोडी वरच्या कडेच्या बारीक भोकांतून आत सोडतो. ही वरची हवा लागली की निघालेले वायू तिथंच पेट घेतात. चूल नीट लागल्यावर वरून वाकून बघितलं तर त्या भोकांपाशी ज्वाळेच्या बारीक जिभा गोल फिरताना दिसतात, आणि धूर जवळजवळ दिसतच नाही. पहिल्यांदा ते बघून आमचे मामा, म्हणजे सासरे, शेजारच्या दोघांना हाक मारून घेऊन आले होते.

पाण्याला ही चूल खरोखर उत्तम आहे. आमच्याकडं सकाळी सहा माणसांच्या आंघोळी. पूर्वी न्हाणीच्या बाहेरच्या तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढायचं आणि उजाडल्यापासून तिथं लाकडं सरकवत बसावं लागायचं. आता तेवढंच पाणी निम्म्याच्या आसपास लाकडात तापतं, आणि वेळही बराच वाचतो. पातेल्याच्या बुडाला काजळी धरते, पण राखेनं घासून घासून हात दुखावेत इतकी नाही. तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी फार तर दहा-पंधरा टक्के भांड्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. सुधारित चुलींसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १३१५२, सन २०१३ चं. त्यात पंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान ३५ टक्के आणि बिनपंख्याच्या चुलीची किमान २५ टक्के असावी असं धरलंय. दुकानदाराला विचारायचं असेल तर हेच विचारा, की या मानकानुसार तपासणी झालीय का आणि ते चुलीवर किंवा खोक्यावर छापलंय का.

जळण कमी लागतं याचं मोल आमच्या बाजूला फार मोठं आहे. आमचा भाग पावसाचा. आगोट जवळ आली की बायका डोंगराला जळणाला जातात, मे महिना त्यातच संपतो. डोक्यावरचा भारा घेऊन उतरताना पाय घसरून पडलेल्या बाया मी उपकेंद्रात नेलेल्या आहेत. अशा बाईचे दोन भारे वाचले तरी मला ते पुरे वाटतं.

पण या चुलीला भारा तसाच चालत नाही. तिला अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, खडखडीत वाळलेली लाकडं लागतात. ओंडका घालून कामाला निघून जाणं जमत नाही. म्हणजे डोंगरातून आणायचे कष्ट कमी झाले आणि कोयत्यानं ढलप्या करायचे कष्ट वाढले. आमच्या घरी हे काम मामांनी अंगावर घेतलंय. दुपारी पडवीत बसून ते काटक्या मोडतात, मापाच्या करतात आणि पोत्यात भरून ठेवतात. ज्या घरात असं रिकामं माणूस नाही, तिथं हे काम पुन्हा बाईच्याच गळ्यात पडतं. माझ्या माहितीतल्या दोन घरांत चूल केवळ याच कारणानं माळ्यावर गेली.

माझं माहेर वाळवा तालुक्यात, सगळा उसाचा पट्टा. तिकडं जळण म्हणजे पाचट, चिपाडं, तुरीच्या काड्या, शेणी. वहिनीनं माझं बघून चूल घेतली. चिपाड आत टाकलं की भपकन पेटतं आणि तेवढ्याच वेळात विझतं. पाचटाची राख इतकी बारीक की भोकं बुजतात. शेणी या चुलीत नीट जळतच नाही, नुसती धुमसत राहते आणि उलट जास्त धूर करते. तेव्हा उसाच्या पट्ट्यातल्या बायकांनो, तुमच्याकडं बाभळीच्या वगैरे काटक्या नसतील तर ही चूल घेऊ नका. पाचटाचा याहून चांगला उपयोग आपल्याच भागात लोकांनी करून दाखवलाय. पुण्याची आरती ही संस्था, जिचं काम आमच्या सातारा जिल्ह्यात फलटणलाही झालं, तिनं पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या बनवायची पद्धत बसवली. त्याला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्याच सराई कुकरमध्ये मूठभर कोळशावर डाळ, भात, भाजी एकावर एक ठेवून शिजते. तो कुकर मी एका बचत गटात बघितलाय. भात-आमटीच्या घराला चांगला आहे. भाकरीच्या घराला मात्र तोही अपुराच.

भाकरीवर जरा थांबते, कारण सगळं घोडं इथंच अडतं. बाहेरून चुली वाटायला येणाऱ्यांना हे कळत नाही, म्हणून जवळून सांगते. मातीच्या चुलीत भाकरी तीन जागी भाजते. आधी तव्यात टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची. मग तव्यातून काढून चुलीच्या तोंडाशी, ओढून घेतलेल्या आरापुढं, म्हणजे निखाऱ्यांपुढं, उभी करायची आणि बोटांनी फिरवत शेकायची. तिथं तिचा पापुद्रा सुटतो, टम्म फुगते. ही एक शेकत असताना दुसरी तव्यात असते आणि तिसरी परातीत थापणं चालू असतं. शेजारी वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडावर, कालवण रटरटत असतं. एका जाळावर एवढं सगळं निघतं.

पंख्याच्या चुलीला तोंडच नाही. लाकडं वरून टाकायची. आर सगळा डब्याच्या तळाशी. वैल नाही. जाळ मधोमध एकाच जागी जोरात लागतो, त्यामुळं तवा मध्ये करपतो आणि कडा कच्च्या राहतात. पंखा बारीक केला तर धूर सुरू होतो. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी चुलीभोवती फिरून सगळीकडून बघितलं आणि म्हणाल्या, "आगं, हिला आर कुठनं वडायचा? भाकरी काय माझ्या तळहातावर शेकू?" मी म्हटलं, "आत्या, जाळी ठेवून बघूया." जाळी ठेवली, तर भाकरीला काळे ठिपके आणि धुराचा वास. तव्यातच दाबून भाजली तर कडक. नाचणीची तर बघवत नव्हती. शेवटी पाण्याची चूल तेवढी पंख्याची झाली, भाकरीची मातीचीच राहिली. हे आमच्याच घरात झालं असं नाही. ज्या ज्या घरात ही चूल बघितली, तिथं भाकरीसाठी जुनी चूल कोपऱ्यात शाबूत होती.

गॅसचंही तेच झालंय. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, त्यानंतर आमच्या वाड्यांवर शेगड्या पोचल्या. कागदावर ते घर गॅसचं. प्रत्यक्षात चहा, दूध, पाहुण्याचं पोहे-उपीट गॅसवर, आणि भाकरी, पाणी, जनावरांचं आंबोण चुलीवर. बायकांना कळत नाही म्हणून असं होत नाही. सिलिंडर संपला की पुढचा आणायला रोख पैसे लागतात आणि वरच्या वाडीला गाडी जात नाही. जळण डोंगरात आहे, त्याला बाईचे कष्ट लागतात, आणि ते कष्ट घरात कुणी मोजत नाही. २०२४ मध्ये राज्यानं अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत द्यायचं ठरवलं, त्याचा उपयोग झालाय. पण सहा माणसांच्या घराला तीन सिलिंडर किती दिवस पुरणार, याचा हिशोब कुठलीही बाई तोंडी सांगेल.

आता छातीचं. हा मजकूर लिहायला घेतला तो यासाठीच.

चुलीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात 'धूरमुक्त' असं छापलंय. ते मला अजिबात मान्य नाही. चूल पेटवताना पहिली काही मिनिटं धूर होतोच. मध्येच लाकूड टाकलं की होतो. लाकूड दमट असेल तर सतत होतो, आणि बॅटरी संपून पंखा थांबला तर मातीच्या चुलीपेक्षा जास्त होतो, कारण या डब्याला तोंड नाही आणि हवा आत जायला वाट नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे, डोळ्यांना दिसतो तो धूर सगळा नसतो. छातीला सगळ्यात जास्त बाधतात ते कण म्हणजे पीएम २.५. केसाच्या जाडीशी तुलना केली तर त्याच्या वीस-पंचवीसाव्या हिश्श्याएवढे बारीक. नाकातले केस, घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात, आणि त्यातले सगळ्यात बारीक कण रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितली. आपल्या देशाचं मानक ६० आहे. बंद स्वयंपाकघरात लाकडाच्या चुलीपाशी हा आकडा सहज शेकड्यांत जातो. पंख्याच्या चुलीनं तो खाली येतो हे खरं, पण १५ च्या जवळपास येत नाही.

याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरानं जगात ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांच्या आतली दोन लाख सदतीस हजारांहून जास्त लेकरं होती. आणि लोकांना धूर म्हटलं की खोकला आठवतो, पण या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते. आमच्याकडं पन्नाशीची बाई चालताना थांबते, छातीवर हात ठेवते, आणि घरची माणसं "वय झालं" म्हणतात. तिनं आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो. दवाखान्यात नेल्यावर कळतं की फुप्फुसं बारमाही विडी ओढणाऱ्या गड्यासारखी झालीत. या कायमच्या फुप्फुसविकाराला सीओपीडी म्हणतात, पण हा शब्द आमच्या गावात कुणी वापरत नाही, सगळ्याला दमाच म्हणतात. लवकर पिकणारा मोतीबिंदूही याच खात्यात येतो.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिच्याकडून मी या चुलींवर झालेली संशोधनं समजावून घेतली. आफ्रिकेतल्या मलावी देशात नेमक्या अशाच पंख्याच्या चुली खेड्यांतून वाटल्या आणि पाच वर्षांच्या आतल्या दहा हजारांहून जास्त मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. न्यूमोनिया कमी झाला का ते बघायचं होतं. झाला नाही. चूल मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांत फरक दिसला नाही. हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. कारणं वाचताना मला आमचंच गाव दिसत होतं. चुली बिघडतात, जुनी चूल चालूच राहते, बाहेर कचरा जाळतात आणि शेजारच्या घराचा धूर आपल्या घरात येतो. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली बांधून दिल्या होत्या, तिथं गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं कमी झाला, पण एकूण न्यूमोनियात खात्रीनं म्हणावी अशी घट आली नाही. गॅसचाही मोठा अभ्यास झाला, चार देशांत, त्यात आपल्या तामिळनाडूतली खेडीही होती. गरोदर बायकांना गॅस मोफत दिला, त्यांच्याभोवतीचे बारीक कण बरेच खाली आले. तरी बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही.

हे वाचून मी दोन दिवस खट्टू होते, कारण मी घरोघर सांगत फिरत होते की चूल बदला, लेकरू सुधारेल. आता मी तसं एकदम सांगत नाही. धूर कमी करणं गरजेचंच आहे, आईच्या डोळ्यांना, छातीला, हृदयाला त्याचा फायदा आहे. पण साडेतीन हजारांचा डबा आणला म्हणजे लेकराच्या छातीचा प्रश्न सुटला असं कुणी विकत असेल, तर ते खोटं आहे. लेकरू खोकतंय तर चुलीकडं बघत बसू नका, त्याचे श्वास मोजा. ते शांत असताना, झोपेत असलं तर उत्तम, पोटावरचं कापड वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांना ४० किंवा जास्त श्वास आले तर तो जोराचा श्वास. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मला फोन करायचीही वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

यात एक गोष्ट अशी आहे जी या चुलीमुळं नव्यानं सुरू झाली, आणि तिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. नव्या बाळाच्या घरी आम्हाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. आमच्याकडं बाळंतिणीची खोली म्हणजे दार लावलेली, खिडकीला गोणपाट, बाजेखाली शेगडी, आणि ओवा-शेपाची धुरी. एका घरी मी गेले तर पाणी तापवून झालेली पंख्याची चूलच निखाऱ्यासकट उचलून बाजेखाली ठेवलेली. आजी म्हणाली, "धूर न्हाय बघ ताई हिचा, म्हणून आणली आत." तिची माया मला दिसत होती. पण निखारा धूर न करताही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. माणसाला डोकं जड झाल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं आणि ते खरंच झोपून जातं. मी चूल तिथंच उचलून अंगणात ठेवली, दार उघडलं आणि आजीला बाजेवर बसवून हे सगळं समजावलं. बाळाला ऊब द्यायची असेल तर आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून द्या. टोपी, मोजे, सुती कपड्यांचे दोन थर घाला. धुरीची त्याला काहीच गरज नाही. धूर न दिसणारी चूल बिनधास्त घरात घेतली जाते, हा या चुलीचा मोठा धोका आहे, आणि तो खोक्यावर ठळक छापायला हवा. आमच्या खोक्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात होता.

पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर आमच्याकडं लाकूड कोरडं ठेवणं हीच एक लढाई. पूर्वी चुलीच्या वरच्या माळ्यावर जळण रचायचे. खालच्या धुरानं ते सुकायचं, त्याच धुरात बियाण्याची कणसं टांगायचे, त्यांना कीड लागायची नाही. धूर घरातून गेला की ही सोयही जाते, हे आत्यांचं म्हणणं बरोबर आहे. आम्ही आता पडवीच्या आढ्याला फळ्या ठोकून त्यावर पोती ठेवतो आणि बियाणं कोठीत, राख मिसळून. दुसरी अडचण लाइटीची. वारा सुटला की लाइट जाते, कधी कधी दोन-दोन दिवस. बॅटरी एकदा भरली की आमच्या वापराला तीन-चार दिवस जाते, पण लाइट नसताना नेमकी संपली की चूल नुसती पडून. घेणार असाल तर मोबाइलच्या चार्जरवर किंवा लहान सोलर पाटीवर चार्ज होणारीच घ्या.

आणि पावसात जाळ धरत नाही म्हणून पेटवायला प्लास्टिकची पिशवी, सायकलच्या टायरचा तुकडा टाकायची सवय सोडा, चूल कुठलीही असो. त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी. आम्ही नारळाची शेंडी, वाळलेली सालपटं आणि चिकाळ लाकडाचे बारीक तुकडे डब्यात भरून ठेवतो. लाकडं अर्ध्यापर्यंत भरायची, पेटवण वर ठेवून वरूनच लावायचं, मिनिटभरानं पंखा बारीक सुरू करायचा आणि जाळ धरला की वाढवायचा. खालून पेटवलं किंवा पंखा सुरुवातीलाच जोरात सोडला तर ठिणग्या उडतात. लुगड्याचा, ओढणीचा काठ खोचून घ्या.

भाकरीचं आम्ही काय केलं तेही सांगते, कारण बायका हेच विचारतात. मातीची चूल स्वयंपाकघरातून उचलून मागच्या पडवीत, तीन बाजू मोकळ्या असलेल्या जागी मांडली. त्याला फक्त माती, शेण आणि एक दुपार लागली. आत्या सुरुवातीला पावसाच्या झडीला कुरकुरल्या, मग मामांनी एका बाजूला ताडपत्री लावली. संध्याकाळची भाकरी तिथं होते, सकाळची गॅसवर. घरातल्या भिंतींवरची काजळी यंदा दिवाळीला चुन्याचा एकच हात देऊन झाकली गेली. सून आणि नातवंडं भाकरीच्या वेळी तिथं घोळका करून बसतात, त्यांना तेवढं मी उठवते. १९८३ पासून २००२ पर्यंत सरकारनं देशभर सुधारित चुलींची योजना चालवली. आमच्या गावात त्या वेळच्या सिमेंटच्या चुलींची फुटकी धुराडी अजून दोन घरांत दिसतात. पाइप काजळीनं तुंबला, साफ कुणी केला नाही, मग धूर पुन्हा घरातच यायला लागला आणि लोकांनी चूल फोडली. म्हणून फुकट वाटपाच्या चुलीबद्दल मला नेहमी एकच शंका असते, की बिघडल्यावर बघणार कोण.

आमच्या चुलीचा पंखा नवव्या-दहाव्या महिन्यात बंद पडला. विकणाऱ्यानं फोन घेतला, "पाठवतो" म्हणाला, आणि मग फोन घेणंच सोडलं. शेवटी आमच्या ह्यांनी कराडला मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात तो उघडून घेतला. पात्यांत राख साचली होती आणि एक तार सुटली होती. पोरानं झाळून दिली, शंभर रुपये घेतले, आणि पंख्याचं माप कागदावर लिहून दिलं. असा पंखा सुटा मिळतो म्हणाला. तेव्हा चूल घेताना दुकानातच पंखा स्क्रूनं निघतो का ते उघडून बघा. रिबिटनं बंद केलेला असेल तर ती चूल तिथंच ठेवा. आणि राख रोज काढा, आठवड्यातून एकदा चूल पालथी करून बुडाची जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करा.